फौंड्रीतली पीएचडी

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या बऱ्याच फौंड्र्यांत एक दुखणं डोकं वर काढतं. साचा नीट भरलेला असतो, लोखंडाचा रस नेहमीसारखाच ओतलेला असतो, जॉब वरून सुबक दिसतो; पण मशीनवर चढवून पहिला कट मारला की आतून गुळगुळीत भोक निघतं. त्याला ब्लोहोल म्हणतात. साच्यातली वाफ किंवा वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो रसातच अडकतो आणि तिथे पोकळी राहते. ग्राहक जॉब परत पाठवतो. त्यात गेलेली वीज, मजुरी, वाहतूक सगळी आमच्या अंगावर पडते. शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फौंड्री मी चालवतो. माझं शिक्षण बी.कॉम. हिशेब, बँक, ऑर्डरी माझ्याकडे. भट्टी आणि वाळू जुन्या मोल्डर मामांच्या हातात. बेंटोनाइट विकणारे म्हणत, कोळशाची पूड बदला; पूड विकणारे म्हणत, बेंटोनाइट बदला. आम्ही दोन्ही बदलून पाहिलं. नेमकं पाणी कुठे मुरतंय, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

कारखानदारांच्या एका बैठकीत मेटलर्जीच्या एका प्राध्यापकांपुढे मी हे सगळं मांडलं. मला वाटलं होतं, वाळूचा नमुना मागतील आणि आठवड्याने रिपोर्ट देतील. ते म्हणाले, ‘‘हे नुसत्या टेस्टिंगचं काम नाही. हा पीएचडीचा विषय आहे. निम्मी फेलोशिप तुम्ही द्या, निम्मी विद्यापीठ देईल. विद्यार्थी आम्ही निवडू, काम तुमच्याकडेही होईल.’’ पीएचडी ही प्राध्यापकांनी बढतीसाठी करायची पदवी, एवढीच माझी समजूत. कारखान्याने त्यासाठी पैसे का द्यावेत, हे मला कळेना. मी विचारलं, ‘‘पुढच्या पावसाळ्याच्या आत होईल ना?’’ ते म्हणाले, ‘‘नियमाने किमान तीन वर्षं लागतात.’’

घरी येऊन मी तो नियम वाचून काढला. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएचडीची सध्याची नियमावली २०२२ची आहे. किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि गरज पडली तर आणखी मुदत. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, म्हणजे संशोधन कसं करायचं याचाच अभ्यास आणि परीक्षा. मग प्रत्येक सत्रात एका सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते मांडायचं. शेवटी प्रबंध लिहायचा, बाहेरच्या परीक्षकांनी तो तपासायचा आणि सर्वांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. आमच्याकडे ऑर्डर आली की तारीख लिहून येते आणि त्या तारखेला माल जातो. इथे माल काय निघेल हे आधी कुणीच सांगू शकत नाही, म्हणूनच एवढ्या पायऱ्या ठेवल्या आहेत, हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं.

पुढचा प्रश्न पैशांचा. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी ती ४२,००० होते, शिवाय घरभाडे भत्ता. आमच्या प्राध्यापकांनी हाच आकडा धरला होता. निम्म्याचा हिशेब मी पटकन मांडला आणि मनाशी म्हटलं, एका सुपरवायझरच्या पगाराएवढंही नाही. मग त्यांनी पूर्ण अंदाजपत्रक पुढे ठेवलं. त्यात रसायनं होती, बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या होत्या, परिषदांचा प्रवास होता आणि विद्यापीठाची जागा, वीज, कार्यालय यांचा खर्चही होता. फेलोशिप हा त्यातला एक भाग होता. माणसाचा पगार दिला म्हणजे संशोधनाचा खर्च दिला असं होत नाही, ही या व्यवहारातली पहिली शिकवण.

सीएंना विचारलं, की यात काही सवलत मिळते का. सामाजिक जबाबदारीचा दोन टक्क्यांचा नियम तुम्हाला लागूच नाही, असं त्यांनी सांगितलं. कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असेल तरच तो लागू होतो. प्राप्तिकरात एक काळ मान्यताप्राप्त विद्यापीठाला संशोधनासाठी दिलेल्या रकमेच्या दीडपट, त्याआधी तर पावणेदोनपट वजावट मिळायची; २०२०-२१ पासून ती दिलेल्या रकमेएवढीच राहिली. सीए म्हणाले, ‘‘कर वाचवायला म्हणून देणार असाल तर देऊ नका. काम हवं असेल तर द्या.’’ इतका स्पष्ट सल्ला मला अपेक्षित नव्हता. पुढच्या प्रत्येक निर्णयाला तोच उपयोगी पडला.

असं निम्मं-निम्मं करणारे आपण पहिले नाही, हे कळल्यावर धीर आला. फ्रान्समध्ये ‘सिफ्र’ नावाची योजना १९८१ पासून चालू आहे. तिथे कंपनी विद्यार्थ्याला नोकरीवर घेते, सरकार कंपनीला दरवर्षी ठरावीक अनुदान देतं आणि प्रबंध विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबरोबर होतो. डेन्मार्कमध्ये अशी पद्धत त्याच्याही आधीपासून आहे. ब्रिटनच्या ‘केस’ शिष्यवृत्तीत सरकारी संशोधन परिषदेच्या पैशांत कंपनी भर घालते आणि विद्यार्थी किमान तीन महिने कंपनीत काढतो. आपल्याकडे २०१२ च्या सुमारास पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप सुरू झाली. त्यात निम्मे पैसे सरकारचे, निम्मे कंपनीचे आणि वर्षाला शंभरपर्यंत फेलोशिप. पवईत आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाची संयुक्त अकादमी २००८ पासून आहे. तिथल्या संशोधनातही उद्योगांचा पैसा असतो. टीसीएस २०१० पासून संगणकशास्त्रातल्या पीएचडी विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. आणि माटुंग्याची यूडीसीटी, आजची आयसीटी, १९३३ मध्ये उभी राहिली ती मुळात उद्योगांना हवं ते शास्त्र शिकवायला. ही सगळी मोठी नावं. आमच्यासारख्या पन्नास-साठ माणसांच्या फौंड्रीला यात जागा आहे का, असं मी प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘प्रश्न खरा असेल तर आहे.’’

मग आला करार. आमचे वकील भाडेपट्टे आणि खरेदीखतं करणारे. त्यांनी त्याच धर्तीवर मसुदा केला: संशोधनातून जे निघेल ते सगळं कंपनीच्या मालकीचं आणि कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करायचं नाही. पैसे देणाऱ्याने एवढं तरी मागावं, असं मलाही वाटत होतं. विद्यापीठाने मसुदा जसाच्या तसा परत पाठवला. प्राध्यापकांनी समोर बसवून सांगितलं, की पीएचडीची तोंडी परीक्षा सर्वांसमोर होते आणि प्रबंधाची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात जाते, तिथे तो कुणालाही वाचता येतो. जे छापायचं नाही, त्यावर पदवी मिळत नाही. माझं ते एक कलम राहिलं असतं तर निवडल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात तीन वर्षांनी काहीच उरलं नसतं.

त्यांनी मला एक खरी हकिकत सांगितली, ती अजून डोक्यातून जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधक बेटी डाँग यांनी थायरॉइडच्या एका महागड्या ब्रँडच्या गोळीची स्वस्त गोळ्यांशी तुलना केली. पैसे त्या ब्रँडच्याच कंपनीचे होते आणि लेखी संमतीशिवाय निष्कर्ष छापायचे नाहीत, असं करारात होतं. अभ्यास १९९० मध्ये पुरा झाला. स्वस्त गोळ्या तितक्याच चांगल्या निघाल्या. कंपनीने छपाईला विरोध केला; जानेवारी १९९५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापायला तयार असलेला लेख मागे घ्यावा लागला. अखेर तो छापून आला एप्रिल १९९७ मध्ये. इतकी वर्षं रुग्ण जास्त पैसे मोजत राहिले. कारण करारातलं एक वाक्य. अगदी तेच वाक्य आमच्या मसुद्यात होतं.

शेवटी ठरलं ते असं. आमच्याकडे आधीपासून असलेली माहिती आमची. संशोधनातून निघालेलं नवं ज्ञान दोघांचं. लेख पाठवण्याआधी आम्हाला ठरावीक दिवस वाचायला मिळतील. त्यात आमच्या ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग आलं असेल तर ते काढायला सांगता येईल, पण निष्कर्षाला हात लावता येणार नाही. पेटंटजोगं काही निघालं तर छापण्याआधी अर्ज करायचा, कारण एकदा छापलं की त्यातलं नवेपण संपतं. पेटंट कार्यालयात आधी तात्पुरतं विवरण देऊन तारीख पक्की करता येते आणि पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण विवरण भरता येतं, हे मला तेव्हा कळलं. ब्रिटनमध्ये २००३ सालच्या लँबर्ट अहवालानंतर कंपनी आणि विद्यापीठ यांच्यातले असे नमुना करार तयार करून सगळ्यांसाठी खुले केले गेले. तसे मराठीत असते तर आमच्या वकिलांचे कष्ट वाचले असते. गुपितांची यादी करायला बसलो तेव्हा आणखी एक उलगडा झाला. आमच्या वाळूच्या मिश्रणाला मी गुपित मानत होतो. मामा म्हणाले, ‘‘दादा, शिरोलीत सगळ्यांचं हेच माप हाय.’’

पैसे कधी भरायचे, यावर सगळ्यात लांब चर्चा झाली. मी दर महिन्याला द्यायला तयार होतो, आमचा सगळा धंदाच तसा चालतो. प्राध्यापकांनी विचारलं, ‘‘आणि एखाद्या वर्षी ऑर्डरी आटल्या तर?’’ ट्रॅक्टर आणि पंपांचा बाजार वर्षागणिक कसा हलतो ते मी पाहिलं आहे. आमच्या मंदीत आम्ही ओव्हरटाइम बंद करतो, खरेदी पुढे ढकलतो. पण बावीस-पंचवीस वर्षांचं माणूस दुसरी नोकरी सोडून या कामाला बसलेलं असतं. त्याची फेलोशिप पुढे ढकलायची म्हणजे त्याचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे पुढे ढकलायचे. आम्ही वर्षाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यापीठात भरायचं मान्य केलं आणि आम्ही मधेच थांबलो तर उरलेला काळ विद्यापीठ सांभाळेल, असं कलम घातलं. या करारात मी सही केलेल्या सगळ्या कलमांपैकी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

निवड विद्यापीठाने केली. मी पाहुणा म्हणून बसलो होतो. गडहिंग्लजकडची एम.टेक. झालेली मुलगी निवडली गेली. तिने फौंड्रीत प्रशिक्षण घेतलं होतं. मी एकच विचारलं, ‘‘रिजेक्शन किती टक्क्यांवर आणाल?’’ ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, ते का वाढतं हे आधी कळलं तर सांगता येईल.’’ समितीतल्या मंडळींनी माना डोलावल्या. मी जे मागत होतो ते उत्पादन व्यवस्थापकाचं काम होतं आणि ती जे करायला निघाली होती ते वेगळं होतं, हा फरक त्या एका उत्तरात होता.

पहिले काही महिने ती फौंड्रीत फारशी आलीच नाही. कोर्सवर्क आणि लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे जगभरात या विषयावर आजवर कोणी काय लिहून ठेवलंय ते वाचून त्याची खतावणी करायची. आमच्या शॉपमध्ये लोक विचारायचे, पैसे भरले, मॅडम कुठायत? मलाही चुळबूळ व्हायची. मग तिने त्या वाचनाचं टिपण पाठवलं. आम्ही इतकी वर्षं बदलून पाहिलेल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्यांनी आधीच करून, मोजून, नापास ठरवून छापून ठेवल्या होत्या. ते वाचायला कुणी माणूस असता तर आमचे पैसे कधीच वाचले असते.

नंतर ती ठरलेल्या दिवशी येऊ लागली. किती दिवस फौंड्रीत आणि किती दिवस विद्यापीठात, हे करारातच लिहिलं होतं. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी, म्हणजे गाईडनी, त्यामागचं कारण सांगितलं होतं: कारखान्यात शिकलेलं, हुशार, कमी खर्चाचं माणूस हाताशी असलं की रोजच्या अडचणींसाठी त्यालाच हाक मारली जाते आणि प्रबंध मागे पडतो. म्हणून आमच्या लॅबचा माणूस रजेवर असला तरी तिला टेस्टिंगला बसवायचं नाही, हे मी शॉपमध्ये सर्वांना सांगून ठेवलं. तिने पहिल्याच आठवड्यात मामांना विचारलं, ‘‘मामा, ही वाळू आत्तापर्यंत किती वेळा फिरलीय?’’ आमच्याकडे ओली वाळू, म्हणजे वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचं मिश्रण, साच्यातून झाडून पुन्हा मिक्सरमध्ये जातं. तीच वाळू वर्षानुवर्षं फिरते. किती वेळा, हे मामांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तिने केलेली एक चाचणी मी शेजारी उभा राहून पाहिली. पाच ग्रॅम वाळू घेऊन ती एका द्रावणात घालून चांगली घुसळली, म्हणजे मातीचे कण वाळूपासून सुटे होतात. मग त्यात मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग थोडा थोडा सोडायचा आणि दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर ठेवायचा. सुरुवातीला गडद निळा ठिपका आणि भोवती नुसतं पाणी पसरलेलं. चांगली माती रंग शोषत राहते तोवर असंच दिसतं. मातीचं पोट भरलं, की उरलेला रंग बाहेर येतो आणि ठिपक्याभोवती फिकट हिरवट-निळं कडं उमटतं. तिने दोन मिनिटं थांबून पुन्हा थेंब ठेवला. कडं कायम राहिलं. किती रंग लागला त्यावरून जिवंत माती किती हे निघतं. लोखंडाचा रस साधारण १,४०० अंश सेल्सियसला ओतला जातो. साच्याच्या भिंतीजवळची माती तापून ६०० अंशांच्या आसपास किंवा वर गेली, की तिच्या आतलं पाणी कायमचं जातं आणि ती चिकटेनाशी होते. तिला मेलेली माती म्हणतात. कितीही पाणी घातलं तरी ती परत कामाची होत नाही. आमच्या वाळूत माती भरपूर आहे हे आम्ही दर महिन्याला मोजत होतो. त्यातली जिवंत किती, हे कधीच मोजलं नव्हतं.

पावसाळ्याचा उलगडा तिथून सुरू झाला. इतके दिवस आम्ही हवेतल्या दमटपणाला दोष देत होतो. तिच्या नोंदींतून निघालं ते असं: पावसात नवी वाळू ओली येते, म्हणून मिक्सरवरची माणसं ती कमी घालतात. मग जुनीच वाळू जास्त फिरते. तिच्यात मेलेली माती आणि बारीक भुकटी साचत जाते. ही भुकटी पाणी पिते, पण साच्याला बळ देत नाही. साचा धरेना म्हणून माणसं आणखी पाणी घालतात. जास्त पाणी म्हणजे जास्त वाफ, आणि भुकटीने वाळूतल्या फटी बुजलेल्या, म्हणजे वाफेला वाट नाही. मामांनी ते सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजे आमी औषध म्हणून जे घालत हुतो त्येच दुखणं हुतं.’’ तीस वर्षांचा हात आणि तिची तक्ते-नोंदवही यांची तिथे गाठ पडली.

एवढ्यावर मी समाधानी होतो. विद्यापीठाची समिती नव्हती. सत्राच्या सादरीकरणाला मला बोलावलं होतं. तिथे तिला विचारलं गेलं, ‘‘ही एका फौंड्रीची गोष्ट झाली. यातून सर्वांना लागू पडेल असं काय निघतं?’’ ती खाली आली तेव्हा चेहरा उतरला होता. पण दोन दिवसांनी तिनेच मार्ग काढला: इतर फौंड्र्यांची वाळू हवी, वेगवेगळ्या मापाची, कमी-जास्त वेळा फिरलेली. शिवाय काही साचे मुद्दाम जास्त पाणी घालून भरायचे, म्हणजे बिघाड कधी सुरू होतो ते दिसेल. आमचे उत्पादन व्यवस्थापक म्हणाले, खराब होणार हे माहीत असून रस ओतायचा? मी एक दिवस ठरवून दिला आणि तेवढं लोखंड पुन्हा भट्टीत घालायचं मान्य केलं. शेजारच्या फौंड्र्यांना फोन मात्र मलाच करावे लागले. बाजारात आम्ही एकमेकांचे प्रतिस्पर्धी. नमुने कुणी देणार नाही असं धरून चाललो होतो. बहुतेकांनी बादल्या भरून दिल्या आणि निकाल आम्हालाही कळवा म्हणाले.

अर्धेलीने शेत करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बी एकाचं, राबणं दुसऱ्याचं, तरी जमीन दोघांपैकी कुणीही बिघडू द्यायची नाही. या व्यवहारात ती जमीन म्हणजे विद्यार्थी. कंपनीला उत्तर लवकर हवं असतं, विद्यापीठाला ते सर्वांना लागू पडणारं हवं असतं आणि दोन्हीकडची ओढ एकाच माणसाच्या दिवसांवर येते. तिच्या मिटिंगा, आमच्या शिफ्ट, गाईडच्या दुरुस्त्या, कोल्हापूर-शिरोली बसचा वेळ. आम्ही गाईड, ती आणि मी असे महिन्याला एकदा समोरासमोर बसू लागलो आणि ठरलेलं तिथेच लिहून काढू लागलो. पुढची बरीचशी ओढाताण त्या कागदानेच मिटवली.

तिचा पहिला लेख छापून आला तेव्हा त्यात शेवटी एक ओळ होती: या कामाचे निम्मे पैसे आमच्या फौंड्रीने दिले आहेत. मला वाटलं, आभार मानलेत. गाईड म्हणाले, हे आभार नाहीत, वाचणाऱ्याला सावध करण्यासाठी आहे. पैसे कुणाचे हे कळलं की तो निष्कर्ष जास्त कसून तपासेल. आमचं नाव चारचौघांत असं तपासणीसाठी ठेवलं जाणं मला आधी जड गेलं. नंतर पटलं. तपासून टिकलेल्या उत्तरावरच मला माझी वाळू बदलायची आहे.

आज तिचा प्रबंध अजून पुरा झालेला नाही. आमच्याकडे नवी वाळू सुकवून घालायला सुरुवात झाली आहे, जिवंत मातीची चाचणी नेमाने होते आणि पावसाळ्यात मिक्सरवर पाणी किती हे अंदाजाने ठरत नाही. रिजेक्शन संपलेलं नाही. पण आता ते कुठून येतं हे आम्हाला बोलता येतं. देशाचा विचार केला तर २०२०-२१ मध्ये संशोधनावर भारताने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून यावा अशी अपेक्षा आहे. ते उद्योग म्हणजे फक्त मोठ्या कंपन्या नव्हेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, जयसिंगपूर इथल्या लहान कारखान्यांकडे खरे प्रश्न पडून आहेत. एकट्याला एक विद्यार्थी परवडत नसेल तर पाच जणांना मिळून परवडेल.

तसा प्रस्ताव आता आमच्याच वर्तुळात चालू आहे. प्रत्येक फौंड्रीतून निकामी झालेली वाळू बाहेर टाकावी लागते; तिचं पुढे काय करता येईल, विटांत, पेव्हर ब्लॉकमध्ये की पुन्हा साच्यात, हा पुढचा विषय. बैठकीत एका शेजाऱ्यांनी मला थेट विचारलं, ‘‘पैसे आपण भरायचे आणि उत्तर साऱ्या जगाने वाचायचं, मग आपल्याला काय?’’ मी म्हणालो, ‘‘पेपर कुणीही वाचेल. पण आपल्या वाळूत तीन-चार वर्षं हात घातलेलं, तिचं शास्त्र कळणारं माणूस कोल्हापुरात तयार होईल. असं माणूस विकत मिळत नाही, घडवावं लागतं. आणि घडवायचं तर त्याला मोकळं ठेवावं लागतं.’’ त्यांनी करारातलं प्रसिद्धीचं कलम पुन्हा एकदा वाचलं आणि पहिल्या वर्षाचा चेक कुणाच्या नावाने काढायचा, ते विचारलं.